राखणीला कोण?

धडगावच्या डोंगरात पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाची एक फजिती ठरलेली असते. तो रस्ता विचारत विचारत गावात पोचतो आणि तिथे उभा राहून विचारतो, “गाव कुठे आहे?” समोर डोंगराच्या कडेला एक घर दिसतं. दोन शेतं ओलांडली की दुसरं. नाल्यापलीकडच्या उतारावर तिसरं. वेस नाही, पार नाही, गल्ली तर नाहीच. सरकारी दप्तरात एका नावाने नोंदलेलं गाव प्रत्यक्षात कितीतरी पाड्यांमध्ये पसरलेलं असतं. त्यात नावांचा घोळ आणखी वेगळा. गाव धडगाव, पण तालुक्याचं सरकारी नाव अक्राणी. जिल्हा नंदुरबार, पण तोही १ जुलै १९९८ पासूनचा. त्याआधी हे सगळं धुळ्यात होतं.

ही वस्ती विस्कळीत वाटते, पण तिच्यामागे हिशेब आहे. इथे राहणारे पावरा आणि भिल्ल लोक घर बांधतात ते आपल्या शेतात. कुडाच्या भिंती, बांबूचं दार, आणि दारात उभं राहिलं की शेताचा बहुतेक भाग नजरेत. देशावरच्या गावाची रचना याच्या उलटी. तिथे लुटारूंच्या भीतीने घरं एकमेकांना चिकटली, शेतं लांब राहिली, आणि त्या दोघांमधल्या अंतरातून एक पेशा जन्माला आला: राखणदार. सातपुड्यात घरच शेतावर गेलं, त्यामुळे पैसे देऊन राखण करून घेण्याची गरज उरली नाही.

शेताच्या दारात घर असलं तरी राखण चुकत नाही. मका आणि ज्वारी दाण्यात आली की शेतात चार खांबांवर माळा उभा राहतो. वर पालापाचोळ्याचं छप्पर, खाली अंथरायला गोधडी, कोपऱ्यात गोट्यांचा ढीग आणि गोफण. दिवसा पोपट आणि चिमण्या, रात्री रानडुक्कर. दिवसपाळी पोरांची आणि म्हाताऱ्यांची, रात्रपाळी घरच्या कर्त्या माणसाची. शेताच्या दुसऱ्या टोकाला झाडावर पत्र्याचा डबा टांगायचा, त्यात दगड अडकवायचा, दोरीचं टोक माळ्यावर आणायचं. झोपेतही हात हलला तरी डबा वाजतो. पीक घरात येईपर्यंत महिना-दीड महिना हे चालतं. या काळात कोणी पाहुणपणाला जात नाही आणि गेलंच तर रात्रीला परत येतं.

मग शेतकऱ्याला आजारपण आलं, बाळंतपण आलं, कोर्टाची तारीख आली, तर काय? नंदुरबारच्या डोंगरात याला एक जुनी सोय आहे, ‘लाह’. कुठे तिला लाहा म्हणतात, कुठे लाह्या. नर्मदेच्या पलीकडे अलीराजपूरकडे ‘ढास’ हाही शब्द ऐकू येतो. एखाद्याचं निंदणीचं किंवा कापणीचं काम अडलं, घर शाकारायचं राहिलं, की तो आजूबाजूच्या घरांना सांगावा धाडतो. ठरल्या दिवशी घरटी माणूस येतो आणि दिवसभर राबतो. मजुरी नाही, जेवण यजमानाचं. उद्या त्यांच्यापैकी कोणी बोलावलं तर यानेही जायचं. वही नसते, पण कोण आला आणि कोण आला नाही हे सगळ्यांच्या लक्षात असतं.

जनावरांची सोय वेगळी. जी शेळी आपल्याला राखता येत नाही ती दुसऱ्याकडे अर्धेलीने द्यायची. तो चारणार, सांभाळणार, आणि होणारी करडं निम्मी त्याची, निम्मी मालकाची. ही पद्धत सातपुड्यापुरती नाही, खानदेशात आणि विदर्भातही ती सर्रास होती आणि आहे. मात्र पैसे देऊन आठ दिवसांसाठी माणूस ठेवणं आणि अर्धेली यात फरक मोठा. अर्धेलीत राखणारा गडी नसतो, भागीदार असतो. शेळी मेली तर दोघांचं नुकसान, व्याली तर दोघांचा फायदा.

उरलेलं देवावर. वाघदेवाची पूजा इथल्या आदिवासी गावांमध्ये होते ती गुराढोरांच्या आणि माणसांच्या रक्षणासाठीच. वाघ आता क्वचितच कोणी पाहिला असेल, बिबट्या मात्र सपाटीवरच्या उसात मुक्कामाला आहे, तेव्हा देवाचं काम संपलेलं नाही.

देवावर राखण टाकून सगळ्यांनी मिळून सुट्टी घ्यायची, असं महाराष्ट्रात एका ठिकाणी अक्षरशः घडतं, पण ते धडगावपासून फार लांब, कोकणात. मालवण तालुक्यातलं आचरे गाव दर काही वर्षांनी तीन दिवस आणि तीन रात्री रिकामं होतं. गुरं, कोंबड्या, कुत्री सगळं बरोबर घेऊन लोक वेशीबाहेर झोपड्या घालून राहतात, आणि गाव ग्रामदैवत रामेश्वराच्या हवाली असतं. याला गावपळण म्हणतात. शेजारच्या चिंदर आणि वायंगणीतही ती होते. परत फिरायचं की नाही हे देवाच्या कौलावर ठरतं.

सातपुड्यात अशी गावपळण नाही, पण सणांची एक गंमत आहे आणि ती राखणीच्या प्रश्नाशी जोडून पाहण्यासारखी आहे. इथे दिवाळी पंचांगातल्या एका तारखेला होत नाही. प्रत्येक गाव आपली दिवाळी आपल्या सोयीने ठरवतं, आणि ती पुढे महिना-दोन महिने गावोगाव चालू राहते. होळीचंही तसंच. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी सगळ्यांत प्रसिद्ध. तिच्या मागेपुढे वेगवेगळ्या गावांच्या होळ्या वेगवेगळ्या रात्री पेटतात. त्याआधीच्या आठवडी बाजारांना भोंगऱ्या म्हणतात आणि धडगावचा भोंगऱ्या पाहायला दुरून लोक येतात. या तारखा वेगळ्या का, याची कारणं धार्मिक आणि गावकीची आहेत. पण परिणाम असा, की एका गावात ढोल वाजत असताना शेजारचं गाव जागेवर असतं, आणि त्याची पाळी येते तेव्हा हे गाव. सगळा डोंगर एकाच रात्री कधीच ओस पडत नाही. शिवाय होळीच्या सुमारास इथल्या कोरडवाहू शेतात राखण्यासारखं काही उरलेलंच नसतं. होळीचं व्रत घेतलेले बुध्या आणि बावा अंगभर राख फासून, मोरपिसांचे टोप घालून दिवसचे दिवस घराबाहेर राहू शकतात, त्यामागे श्रद्धा आहे तशी रिकामी शेतंही आहेत.

डोंगरातला हिशेब असा बिनपैशाचा. आता चांदसैली घाट उतरून तळोद्याला यावं, किंवा म्हसावदच्या बाजूने शहाद्याला. तापीकाठची काळी जमीन, केळी, कापूस, ऊस. इथे राखण पैशाने विकत मिळत होती, आणि ती विकणारा माणूस बहुतेक वेळा वरच्या डोंगरातून किंवा पायथ्याच्या वस्तीतून आलेला होता.

हे नातं जुनं आहे. खानदेशातल्या गावांमध्ये भिल्ल हा जागल्या होता. रात्री गस्त घालायची, चोरीला गेलेल्या जनावराचा माग काढायचा, आणि त्याबदल्यात गावाकडून धान्याचा हक्क घ्यायचा. पेशवाईच्या अखेरच्या काळातल्या धामधुमीत ही घडी मोडली. गावांनी हक्क बंद केले, आणि ज्यांनी राखायचं तेच लुटायला लागले. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती आला तेव्हा त्यांना हे चित्र दिसलं. बरीच वर्षं पलटणी पाठवून उपयोग होईना, तेव्हा त्यांनी डावपेच बदलला. १८२५ मध्ये जेम्स आउट्राम या कंपनीच्या अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभारली. सरकारने भिल्लांसाठी एजन्सी नेमल्या, शेतीसाठी तगाई दिली आणि जागल्यांचे हक्क पुन्हा सुरू केले. वायव्येकडची एजन्सी कुकरमुंड्याला होती. तळोद्याजवळचं हे गाव आता गुजरातेत आहे. थोडक्यात, खानदेशावर राज्य करायचं तर राखणदाराला त्याची मजुरी द्यावी लागते, हे कंपनी सरकारला सात वर्षांनी उमगलं.

पुढे सपाटीवर बागायत वाढली, जमिनी मोठ्या खातेदारांकडे गेल्या, आणि गावाच्या जागल्याऐवजी एका घराचा सालदार महत्त्वाचा झाला. साल म्हणजे वर्ष. वर्षाच्या कराराने राहिलेला गडी तो सालदार. विदर्भात याचाच भाऊ सालगडी. तिकडे साल गुढीपाडव्याला सुरू होतं, खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, झाडांना झोके बांधलेले, पोरं पत्ते कुटत बसलेली, आणि त्याच दिवसांत ओट्यावर बसून सालदाराचा सौदा व्हायचा.

हा सौदा ऐकण्यासारखा असे. आधी सालाचे रुपये. मग ज्वारी किती, कपड्यांचे जोड किती, पायात घालायला काय, थंडीला घोंगडी मिळणार की नाही, विडीकाडीचं काय. लग्न असेल तर उचल किती, आणि ती फिटेपर्यंत किती सालं. सगळ्यांत शेवटी, आणि सगळ्यांत जास्त घासाघीस होई ती खाड्यांवर. खाडा म्हणजे न आल्याचा दिवस. ताप आला तरी खाडा, मेव्हण्याच्या लग्नाला गेला तरी खाडा. खाड्याचे पैसे कापायचे की साल संपल्यावर तेवढे दिवस जादा भरून घ्यायचे, एवढाच काय तो प्रश्न. ‘सुट्टी’ हा शब्द या बोलण्यात येतच नसे. पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लागायची आणि नांगराला तो जुंपला जायचा नाही. त्या बैलाला नदीवर नेऊन धुणारा, रंगवणारा, मिरवणुकीत धरणारा मात्र सालदारच. म्हणजे बैलाच्या सुट्टीच्या दिवशी त्याच्या राखणदाराला काम जास्त.

सालदार खळ्यात किंवा गोठ्यात झोपायचा. पहाटे वैरण, मग शेण, मग औत, संध्याकाळी धारा, रात्री पाण्याची पाळी. बरेचदा त्याची बायकोही मालकाच्या अंगणात राबायची आणि तिचं नाव सौद्यात नसायचं. बागायतदार लग्नसराईत आठ आठ दिवस परगावी राहू शकत होता तो या माणसाच्या जोरावर. ऐन पेरणीच्या दिवसांत मुक्ताईच्या पालखीबरोबर महिनाभर चालत पंढरपूर गाठणाऱ्या किती वारकऱ्यांच्या घरी मागे सालदार होता, हे कोणी मोजलेलं नाही. वारीच्या पुण्यात त्याचा वाटा धरायला हरकत नसावी.

शेतकरी घराबाहेर पडला की मागे बदली माणूस लागतो, ही गरज फिनलंडमध्ये सरकारने ओळखली. तिथे गाई पाळणाऱ्या शेतकऱ्याला वर्षाला २६ दिवस सुट्टीचा हक्क आहे. त्या दिवसांत गोठा सांभाळायला सार्वजनिक खर्चाने बदली माणूस येतो. त्याला ‘लोमिट्टाया’ म्हणतात. ही व्यवस्था १९७० च्या दशकात कायद्याने उभी राहिली. त्याच दशकात शहाद्यात काय चाललं होतं ते पाहिलं, तर दोन टोकं कळतात.

मे १९७१ मध्ये शहादा तालुक्यात पाटीलवाडीला धान्यावरून झालेल्या संघर्षात आदिवासींवर गोळीबार झाला आणि एक भिल्ल मारला गेला. अंबरसिंग महाराज या भिल्ल कार्यकर्त्याने आधीच लोकांना गोळा करायला सुरुवात केली होती. मुंबई-पुण्याकडून तरुण येऊन मिळाले. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती परिषद भरली आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेल्या जमिनी परत मिळवणं हा पहिला मुद्दा, आणि त्याला लागून मजुरीचा आणि सालदारांच्या मोबदल्याचा. दुष्काळाची वर्षं होती, त्यामुळे रोजगार हमीच्या कामांची मागणीही जोरात होती.

मोठ्या शेतकऱ्यांचं उत्तर राखणीच्याच भाषेत आलं: पीक संरक्षण सोसायटी. कल्पना साधी. सभासदांनी क्षेत्राप्रमाणे वर्गणी द्यायची, सोसायटीने पगारी रखवालदार ठेवायचे, आणि चोरी झाली तर जाब त्यांना विचारायचा. खानदेशात अशा सोसायट्या अजून चालू आहेत आणि बहुतेक ठिकाणी त्यांचं काम बिनबोभाट चालतं. एकट्या शेतकऱ्याला रात्री शेतावर जागं राहायला लागू नये यासाठी याहून सोयीची रचना सापडणं कठीण. पण शहाद्यात त्या काळात रखवालदाराच्या हातातली काठी कोणावर चालायची, हा प्रश्न होता. बांधावरचं गवत कापणारी, काढणीनंतर सांडलेलं धान्य वेचणारी भिल्ल बाई त्या काठीच्या टप्प्यात यायची. ज्यांचे आजे गावाचे जागल्ये होते त्यांच्यापासूनच आता पिकाची राखण होऊ लागली होती. अंबरसिंग १९७४ मध्ये वारले, तरुणच होते.

ऑक्टोबर १९७५ मध्ये वेठबिगारी बंद करणारा अध्यादेश निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. त्या कायद्याच्या व्याख्येत देशभरच्या वेठीच्या प्रकारांची नावं ओळीने दिली आहेत. त्यात बारमासिया आहे, हरवाई आहे, वेट्टी आहे. सालदार नाही. त्याचा करार वर्षाचा, वरवर पाहता राजीखुशीचा. म्हणून तो यादीबाहेर राहिला असावा. उचल न फिटल्यामुळे तोच माणूस त्याच ओट्यावर दर आखाजीला पुन्हा ‘राजीखुशीने’ बसायचा, एवढा बारकावा कायद्यात मावत नाही. व्याख्या मात्र उचलीची आणि जबरदस्तीची आहे, त्यामुळे नाव नसलं तरी अशा सालदाराला दाद मागता येते.

दरम्यान डोंगरातला माणूस दुसऱ्याच वाटेने बाहेर पडू लागला होता. दक्षिण गुजरातेत १९५० च्या दशकापासून सहकारी साखर कारखाने उभे राहिले, बारडोलीचा त्यातला सगळ्यांत नावाजलेला. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात तिथल्या ऊसतोड मजुरांचा अभ्यास केला तेव्हा त्यातले असंख्य मजूर खानदेशातून, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातून आलेले होते. स्थानिक भूमिहीन मजूर समोर असताना बाहेरची माणसं का आणायची? कारण बाहेरचा माणूस हंगामभर फडातच असतो, सण-आजारपण सांगून घरी जाऊ शकत नाही. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीनंतर ट्रक धडगावहून उतरतो, त्यात भांडी, गोधड्या, दळण, कडेवरचं मूल, आणि बरेचदा त्या मुलाला सांभाळायला थोडं मोठं मूल.

आणि मागे घर. शेतात एकटं उभं असलेलं, ज्याची सगळी रचना आत माणूस आहे या भरवशावर झालेली. तिथे आजा-आजी राहतात, शाळा सोडलेलं एखादं पोर शेळ्या राखतं. म्हैस असेल तर ती भावकीत जाते, शेळ्या अर्धेलीने. तूर अजून उभी असेल तर ती काढायला लाह. मार्चमध्ये मोह टपकायला लागतो, पहाटे उठून वेचला नाही तर गुरं खातात. पुढे कैऱ्या सोलून उन्हात वाळवायच्या. धडगावचा आमचूर व्यापाऱ्यांमध्ये प्रसिद्ध आहे, आणि अवकाळी पावसाचा एक सपकारा त्याचा रंग घालवायला पुरतो. या सगळ्याला हात लागतात, आणि हात उसाच्या फडात. बाहेरगावी गेलेल्या आईबापांच्या मुलांसाठी सरकारने हंगामी वसतिगृहं काढली, ती शाळेसाठी चांगलीच. पण त्यामुळे आजीच्या मदतीचं एक पोर कमी झालं, हेही खरं.

सरदार सरोवराने आणखी एक उलथापालथ केली. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडितात आली, त्यातली २४ अक्राणी तालुक्यातली. तळोद्याच्या जंगलाची सुमारे ४,२०० हेक्टर जमीन पुनर्वसनासाठी मोकळी झाली आणि सोमावल, रोझवा अशा वसाहती उभ्या राहिल्या. तिथे प्लॉट पाडले गेले, ओळीने घरं झाली, शेत वेगळं आणि घर वेगळं. देशावरच्या गावात शेकडो वर्षांत जे अंतर तयार झालं ते इथे नकाशावर एका रेघेने आखलं गेलं. नर्मदेच्या काठावर ज्याचं शेत दारातून दिसत होतं, त्याला आता रात्री पीक पाहायला घर सोडून जावं लागतं.

सपाटीवरही काळ फिरला आहे. दर आखाजीला खानदेशातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास असते: सालदार मिळेना, भाव लाखाच्या वर. ओट्यावर आता मालकच जास्त बोलतो आणि समोरचा विचार करून सांगतो म्हणतो. मोबाइल, मोटरसायकलचं पेट्रोल, महिन्याला ठरलेले खाडे माफ, असं सौद्यात शिरलं आहे. तरी डोंगरातला तरुण सालाला राजी होत नाही आणि कोयता मात्र उचलतो, ज्यात कष्ट जास्त, झोपडी प्लास्टिकची आणि मुकादमाची उचल मानगुटीवर. मालकांना हे कोडं वाटतं. धडगावच्या माणसाला वाटत नाही. साल बारा महिन्यांचं असतं आणि कोयता सहा महिन्यांचा. कोयत्यावर गेलेला माणूस मृगाच्या आधी घरी येतो आणि स्वतःच्या शेतात पेरणी करतो.